मधुमेह, वाढलेली शुगर आणि कोरोना: पुढचे दहा दिवस

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ५४, मधुमेह १४ वर्षांपासून, शेवटचा एचबीए१सी (मागच्या अडीच-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.९. औषधं म्हणजे मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि रात्रीचं चोवीस तास चालणारं इन्सुलिन. लस घेतलेली, पण शेवटच्या डोसला बराच काळ लोटलेला. परवा कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली. ताप १०१, जेवण निम्म्यावर आलंय, आणि तरीही एरवी १५०-१६० असणारी उपाशीपोटीची शुगर २८०. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: मधुमेह असला की कोरोना जिवावर बेततो हे कितपत खरं, ८.९ मुळे तुमचं किती बिघडलं, आणि शुगर ताबडतोब खाली आणली तर धोका टळतो का. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की खाणं कमी झाल्यामुळे काल रात्रीचं इन्सुलिन घेतलं नाही.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

रात्रीचं इन्सुलिन बंद करू नका. खाणं कमी असलं तरीही. इन्सुलिन म्हणजे जेवलेलं पचवायचं औषध, जेवलोच नाही तर ते कशाला, असा समज पक्का बसलेला असतो. जेवणाआधी घ्यायच्या झटपट इन्सुलिनला तो थोडाफार लागू पडतो. रात्रीच्या इन्सुलिनचं काम वेगळं आहे. ते यकृताला आवर घालतं. तुम्ही घासभरही खाल्लं नाहीत तरी यकृत रात्रभर साखर तयार करून रक्तात सोडत असतं, आणि अंगात ताप असला की हा नळ आणखी मोकळा सुटतो. आजारपणात शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनालिन, ग्लुकागॉन ही संप्रेरकं वाढवतं. तिन्हींचं काम इन्सुलिनच्या उलट. त्यात कोरोनामध्ये आयएल-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं उसळली की स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. म्हणून निम्मं जेवूनही २८०. तुमचं पथ्य चुकलेलं नाही, आजाराचाच हा आकडा आहे. अशा दिवसांत बहुतेकांना नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन लागतं, कमी नाही. किती वाढवायचं हे तुमच्या डॉक्टरांशी आजच फोनवर बोलून ठरवा. पण शून्यावर आणणं हा पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, डॅपाग्लिफ्लोझिन आजपासून थांबवा. एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनीही हेच करायचं. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, सोबत पाणीही नेतात. अंगात ताप, पोटात अन्न नाही, पाणी कमी आणि वर इन्सुलिन चुकलेलं, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. या गोळ्यांची खोच अशी की शुगर लघवीतून निघून जात असल्यामुळे मीटरवर आकडा फारसा वाईट दिसत नाही. १८०-२०० शुगर बघून माणूस निर्धास्त असतो आणि रक्त मात्र आम्लधर्मी होत जातं.

साठीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. कोरोनाचा सहावा दिवस, श्वास लागतोय म्हणून घरच्यांनी धावपळ करून आणलं. न्यूमोनियाच असणार असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. ऑक्सिमीटरवर ९८. छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ. पण श्वास खोल आणि वेगाचा, थांबायला तयार नाही. शुगर १९४. इतक्या शुगरला कीटोन कोण तपासतं? तपासले, तर पाचच्या वर. त्यांची अशीच एक गोळी चालूच होती आणि तीन दिवस पोटात जवळपास काही नव्हतं. फुप्फुसं ठीक होती. रक्तातलं आम्ल बाहेर टाकायला शरीर जोरजोरात श्वास घेत होतं. म्हणून लक्षात ठेवा: मधुमेही माणसाला कोरोनात श्वास लागला आणि ऑक्सिजन मात्र चांगला असला, तर कीटोन बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

घरी कीटोन तपासायची पट्टी मिळाली तर घ्या. रक्तातलं कीटोन ०.६ पेक्षा कमी असेल तर निवांत. १.५ च्या पुढे गेलं तर डॉक्टरांना लगेच फोन, ३ च्या पुढे गेलं तर फोन नाही, थेट रुग्णालय. लघवीच्या पट्टीवर दोन अधिक किंवा त्याहून जास्त आलं तरी तेच. पट्टी नसेल तर लक्षणांवर नजर ठेवा: मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, विचित्र गुंगी.

मेटफॉर्मिनचं तसं सरसकट उत्तर नाही. पाणी पोटात राहतंय, थोडंफार खाता येतंय, किडनी ठीक आहे, तर चालू राहू द्या. उलट्या-जुलाब सुरू झाले, लघवी कमी झाली किंवा ऑक्सिजन घसरला, तर थांबवा. तेव्हा लॅक्टिक ॲसिडोसिसची, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची, भीती खरी असते. रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल २०२० साली बरीच घबराट झाली होती, कारण विषाणू पेशीत शिरायला एसीई२ या प्रथिनाचा दरवाजा वापरतो आणि काही गोळ्यांचा त्या साखळीशी संबंध आहे. पुढे नीट चाचण्या झाल्या, त्या गोळ्या बंद करून फायदा दिसला नाही. तेव्हा त्या स्वतःहून बंद करू नका. अंगातलं पाणी फार कमी झालं असेल तरच डॉक्टर त्या काही दिवस थांबवतील.

आता तुमचा पहिला प्रश्न.

फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रोग नियंत्रण केंद्राने पहिली मोठी आकडेवारी दिली. निदान पक्कं झालेल्या ४४,६७२ रुग्णांत एकूण मृत्यूचं प्रमाण २.३ टक्के, मधुमेह असलेल्यांत ७.३ टक्के. "मधुमेह असला की कोरोना जिवावर" हे वाक्य बहुधा तिथूनच सुटलं आणि जगभर फिरलं. पण त्या आकड्यात वयाची भेसळ आहे. मधुमेही लोक सरासरीनं वयस्कर, त्यांना हृदयविकार, किडनीचा त्रास, लठ्ठपणा जास्त. यातलं मधुमेहाचं स्वतःचं किती, हे वेगळं काढायला मोठी लोकसंख्या लागते.

ते काम इंग्लंडमध्ये झालं. तिथे ६ कोटींहून जास्त लोकांच्या नोंदी जोडून पाहिल्या. मे २०२० पर्यंत रुग्णालयात कोरोनाने गेलेल्या २३,६९८ जणांपैकी साधारण एक तृतीयांश मधुमेही होते. वय, लिंग, आर्थिक स्थिती वगैरे जमेस धरल्यावर टाइप २ मध्ये मृत्यूची शक्यता साधारण दुप्पट, टाइप १ मध्ये साडेतीन पट. हृदयाचे आजार हिशेबात घेतल्यावर हे अनुक्रमे १.८ आणि २.९ च्या आसपास आलं. म्हणजे मधुमेहाचा स्वतःचा वाटा आहेच. सहव्याधींच्या नावावर सगळं ढकलता येत नाही.

"दुप्पट" ऐकलं की पोटात गोळा येतो. पण कशाच्या दुप्पट? स्कॉटलंडमध्ये पहिल्या लाटेत, मार्च ते जुलै २०२० या काळात, मधुमेह असलेल्या सुमारे ३ लाख १९ हजार लोकांपैकी अतिदक्षता विभागात गेलेले किंवा दगावलेले मिळून ०.३ टक्के होते. मधुमेह नसलेल्यांत ०.१ टक्का. पट मोठी दिसते, पण हजार मधुमेही लोकांमागे तिघे. त्या काळी टाळेबंदी असल्यामुळे फार थोड्यांना लागणच झाली होती, हेही खरं. संसर्ग झालेल्या माणसाचा धोका यापेक्षा जास्त धरायला हवा. पण ती लसीआधीची, औषधांआधीची लाट होती. आज तुमच्या अंगात लशीची आणि बहुधा आधी होऊन गेलेल्या संसर्गाची स्मृती आहे. धोका शून्य झालेला नाही. २०२० मधला आकडा मात्र आज तुम्हाला लावणं चुकीचं ठरेल.

आणि मधुमेहामुळे कोरोना "लागतो" जास्त, असं ठामपणे दिसलेलं नाही. लागल्यावर तो जड जाण्याची शक्यता वाढते, ही वेगळी गोष्ट. लोक या दोन्ही एकत्र करतात.

८.९ चं काय?

इंग्लंडमधल्याच दुसऱ्या अभ्यासात एचबीए१सीचे गट पाडून पाहिलं गेलं. टाइप २ मध्ये ६.५ ते ७ या गटाच्या तुलनेत १० किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांत कोरोनाने मृत्यूचा धोका १.६ पट. ७.६ ते ८.९ या गटात, म्हणजे तुमच्या गटात, १.२ पटीच्या जवळपास. म्हणजे साधारण पाचवा हिस्सा जास्त. वयामुळे वाढणारा धोका याच्या कितीतरी पट असतो. त्याच अभ्यासात वजनाचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा आला, खूप लठ्ठ आणि खूप कृश, दोन्ही टोकांना धोका जास्त.

मग फ्रान्समधला कोरोनाडो नावाचा अभ्यास आला आणि गोंधळ उडाला. ५३ रुग्णालयांत दाखल झालेले १,३१७ मधुमेही रुग्ण, आणि त्यांच्यात एचबीए१सीचा सातव्या दिवसापर्यंत व्हेंटिलेटर लागण्याशी किंवा मृत्यूशी संबंध सापडला नाही. शरीराचं वजन आणि व्हेंटिलेटर यांचा सापडला. दाखल होतानाच्या शुगरचाही सापडला. तेव्हा "बघा, शुगरचा काही संबंध नाही" असं सांगत माझ्याकडेही काही जण आले होते.

माझ्या मते या दोन अभ्यासांत भांडण नाहीच. एचबीए१सी हा मागच्या अडीच-तीन महिन्यांचा हिशेब. इंग्लंडच्या अभ्यासात सगळी लोकसंख्या होती, त्यात वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने रक्तवाहिन्यांच्या अस्तराचं आणि किडनीचं जे केलं, ते दिसून आलं. फ्रान्समध्ये मोजणी रुग्णालयाच्या दारातून सुरू होते. दारात पोहोचलेले सगळेच मधुमेही आणि सगळेच बऱ्यापैकी आजारी. त्यांच्यात जुना हिशेब कमी बोलतो, आजची शुगर जास्त बोलते. शिवाय एचबीए१सीचा आकडा स्वतःच कधी फसवा असतो. रक्तक्षय, नुकतंच दिलेलं रक्त, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष यांत तो खरं सांगत नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ८.९ हे घडून गेलेलं आहे, या आठवड्यात ते बदलणार नाही, आणि त्यावर रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही. पुढच्या दहा दिवसांची शुगर तुमच्या हातात आहे.

आता तिसरा प्रश्न, शुगर लगेच खाली आणली तर धोका टळतो का. इथे मला थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण यातच सर्वांत जास्त चुका होताना मी पाहतो.

चीनच्या हुबेई प्रांतातला एक अभ्यास फार गाजला. टाइप २ मधुमेह असलेल्या कोरोनाच्या रुग्णांत, रुग्णालयात असताना ज्यांची शुगर ७० ते १८० या पट्ट्यात राहिली त्यांच्यात मृत्यू १.१ टक्के, ज्यांची त्याच्या वर गेली त्यांच्यात ११ टक्के. दहा पट. आकडा इतका नेटका की लोकांनी लगेच अर्थ काढला, शुगर खाली आणा, माणूस वाचवा.

थांबा. ज्याची फुप्फुसं जास्त पेटलेली, त्याचा दाह जास्त. दाह जास्त म्हणून शुगर जास्त. म्हणजे शुगर काही अंशी नुसता निरोप घेऊन येते की आजार जड आहे. अमेरिकेतल्या ८८ रुग्णालयांच्या नोंदीत हेच वेगळ्या बाजूने दिसलं. आधी मधुमेहाचं निदान नसलेल्या, पण दाखल झाल्यावर शुगर अनियंत्रित झालेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.७ टक्के, तर मधुमेह आहे हे आधीच ठाऊक असलेल्यांत १४.८ टक्के. आधी मधुमेह नसलेल्यांचं जास्त वाईट! यांची शुगर वाढणं हीच त्यांच्या आजाराची तीव्रता सांगत होती. शिवाय अशा माणसाच्या शुगरकडे कोणी लक्षही देत नाही, तो मधुमेही नाहीच ना.

पण शुगर फक्त निरोप्या आहे असंही नाही, ती स्वतःही नुकसान करते. १८०-२०० च्या वर शुगर राहिली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूकडे धावण्यात आणि त्याला गिळण्यात मागे पडतात. मोनोसाइट पेशींत विषाणू शिरला की साखर हे त्याचं इंधन होतं आणि पेशी दाहाची रसायनं आणखी ओतते, हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलं आहे. रक्तवाहिन्यांचं अस्तर आधीच साखरेनं खरखरीत झालेलं, त्यावर विषाणूचा हल्ला, मग फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या सोप्या होतात. आणि साधी गोष्ट: लघवीतून साखरेबरोबर पाणी जातं, माणूस कोरडा पडतो, किडनीवर ताण येतो. दोन्ही बाजूंनी चक्र फिरतं, आजार शुगर वाढवतो आणि शुगर आजाराला हातभार लावते.

मग जोरात खाली का आणू नये? याचं उत्तर कोरोनाच्या खूप आधी मिळालेलं आहे. २००९ साली नाइस-शुगर नावाच्या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या ६,१०४ रुग्णांचे दोन गट केले. एकात शुगर ८१ ते १०८ अशी कडक, दुसऱ्यात १८० किंवा त्याखाली. सगळ्यांना वाटलं होतं कडक गट जिंकेल. झालं उलट. ९० दिवसांत कडक गटात २७.५ टक्के मृत्यू, ढिल्या गटात २४.९. शुगर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५. तेव्हापासून गंभीर रुग्णांत लक्ष्य साधारण १४० ते १८० ठेवतात. २८० वरून १८० वर येण्यात जो लाभ आहे तो १८० वरून ११० वर येण्यात नाही. उलट तिथे घसरण्याचा धोका आहे, आणि अर्धपोटी, तापानं गुंगलेल्या माणसाला शुगर खाली गेल्याचं कळतही नाही. घाम, थरथर, छातीत धडधड हे सगळं तापातही होतंच.

म्हणून तुमच्यासाठी घरी लक्ष्य: जेवणाआधी १२० ते १८०. जेवणानंतर २०० च्या आसपास गेली तर त्रागा करू नका. ७० च्या खाली जाणं कुठल्याही परिस्थितीत नको. दर चार-सहा तासांनी तपासा, रात्री एकदा गजर लावून. आकडे कागदावर वेळेसह लिहा, कारण डॉक्टरांना फोनवर "जरा जास्तच आहे" असं सांगून काही ठरवता येत नाही. दोन-तीन वेळा लागोपाठ ३०० च्या वर आली तर वाट पाहू नका. चोवीस तास मोजणारा सेन्सर दंडावर असेल आणि कोणी ताकदीसाठी म्हणून क जीवनसत्त्वाचे मोठे डोस देत असेल, तर काही सेन्सर त्यामुळे खोटी वाढलेली शुगर दाखवतात. मग त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन टोचलं जातं. बोटाच्या रक्ताने पडताळा. आणि पाणी: दर तासाला थोडं थोडं, तहान लागायची वाट न बघता. जेवण जात नसेल तर पातळ काही तरी पोटात जाऊ द्या, त्यात थोडं कर्बोदक असू द्या. आजारपणात पोट पूर्ण रिकामं ठेवणं हे पथ्य नव्हे.

स्टिरॉइड. यावर मला जरा कडक बोलायचं आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्यानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. खूप मोठी गोष्ट. त्याच चाचणीत, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काडीचा फायदा दिसला नाही, मृत्यू १७.८ टक्के विरुद्ध १४, म्हणजे झुकलं तर नुकसानीकडेच. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ९७ ऑक्सिजन असताना, लवकर बरं वाटावं म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्लेले लोक मी मोजता येणार नाहीत इतके पाहिले. मधुमेही माणसात त्या गोळ्या शुगर ४०० वर नेतात, विषाणूशी लढणाऱ्या पेशी बसवून ठेवतात, आणि तात्पुरता ताप उतरवून सगळं ठीक असल्याचा भास देतात. तुम्हाला आज स्टिरॉइडची गरज नाही. कोणी सुचवलं तर आधी विचारा, माझा ऑक्सिजन किती आहे?

पुढे गरज पडलीच आणि स्टिरॉइड सुरू झालं, तर एक बारकावा. सकाळी दिलेल्या स्टिरॉइडची शुगर दुपारी चढू लागते आणि संध्याकाळी शिखरावर असते. सकाळची उपाशीपोटीची १३० दिसते आणि सगळे खूश. संध्याकाळी पाच-सहा वाजता तपासलीत तर ३५० निघेल. स्टिरॉइड चालू असताना फक्त सकाळची शुगर बघणं म्हणजे दिवसा झोपलेल्या चोराला बघून घर सुरक्षित आहे म्हणणं. आणि रात्रीचं इन्सुलिन सकाळच्या आकड्याकडे बघून वाढवलं तर पहाटे शुगर खाली जाते. वाढ दुपारच्या आणि संध्याकाळच्या डोसात लागते.

वाढलेली शुगर, स्टिरॉइड आणि कोरोना हे तिन्ही एकत्र आले की काय होतं ते २०२१ मध्ये भारतातल्या दुसऱ्या लाटेत दिसलं. म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले, त्याचे ४५ हजारांहून जास्त रुग्ण त्या वर्षी जुलैपर्यंत नोंदले गेले. ही बुरशी हवेत, मातीत सगळीकडे असते. निरोगी माणसाच्या नाकातून जाते-येते, काही करत नाही. शुगर खूप वाढली आणि रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं, आणि लोह हे या बुरशीचं खाद्य. त्यात स्टिरॉइडनं पहारेकरी झोपवलेले. एका बाजूचा गाल किंवा डोळ्यामागचा भाग दुखणं, डोळ्याला सूज, दुहेरी दिसणं, नाकातून काळपट किंवा रक्ताचा स्राव, वरचे दात अचानक हलणं: कोरोनानंतर दोन-चार आठवड्यांनीही यातलं काही झालं तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जा. यात दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. एवढं सांगून पुढे जातो. तुमच्या बाबतीत स्टिरॉइड टाळलं आणि शुगर आवाक्यात ठेवली तर याची शक्यता फारच थोडी.

ऑक्सिजन दिवसातून तीन-चार वेळा बघा. जुन्या मधुमेहात नसा बधिर झालेल्या असतात, फक्त पायाच्याच नाही. श्वास अपुरा पडतोय ही जाणीव उशिरा होऊ शकते. त्यामुळे "मला दम लागत नाही" यावर विसंबू नका. बसून ९४ च्या खाली, किंवा खोलीत चार-पाच मिनिटं चालल्यावर तीन-चारने घसरला, तर दाखवायला जा. ९० च्या खाली तर ताबडतोब. बोट थंड किंवा नखाला रंग असेल तर मीटर चुकतो, आणि गडद वर्णाच्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून सीमेवरच्या ९४ ला ९४ न समजता जरा कमीच धरा. बिघडायचं असेल तर ते साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत बिघडतं. तुमचा आज तिसरा-चौथा दिवस असेल. ताप उतरला म्हणून आठव्या दिवशी मोजणं सोडू नका.

विषाणूविरोधी औषधाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्यासारख्या माणसासाठी तो महत्त्वाचा आहे आणि त्याला वेळेची मर्यादा आहे. पॅक्सलोविड गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. त्यातलं रिटोनाविर इतर औषधांच्या वाटेत येतं: कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या त्या काळात बंद कराव्या लागतात, रक्त पातळ करणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम बदलतो. दुसरा मार्ग रेमडेसिविरचा, सात दिवसांच्या आत सुरू करून शिरेतून तीन दिवस. लस न घेतलेल्या, घरीच असलेल्या ५६२ जणांवर त्याची चाचणी झाली, त्यांतले निम्म्याहून जास्त मधुमेही होते, आणि रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ५.३ टक्क्यांवरून ०.७ वर आलं. लस घेतलेल्यांत लाभ इतका मोठा असणार नाही. तरी ५४ वय, १४ वर्षांचा मधुमेह आणि सध्याची शुगर बघता मी हा पर्याय तुमच्या डॉक्टरांसमोर मांडायला नक्की सांगेन.

बरे होतानाची एक गंमत, गंमत म्हणजे दुर्लक्षामुळे होणारी फजिती. आज वाढवलेलं इन्सुलिन आठव्या-दहाव्या दिवशी अंगावर येतं. ताप जातो, दाह ओसरतो, पेशी पुन्हा इन्सुलिनला दाद देऊ लागतात, भूक अजून पूर्ण आलेली नसते, आणि तुम्ही मात्र आजारातलाच डोस टोचत असता. शुगर खाली जाऊन चक्कर येणारे बहुतेक जण मी या टप्प्यावर पाहिले आहेत, आजाराच्या ऐन भरात नाही. उपाशीपोटीची शुगर लागोपाठ दोन दिवस १३० च्या खाली दिसली की डोस उतरवायचा फोन करा. डॅपाग्लिफ्लोझिन पुन्हा कधी? जेवण आणि पाणी नेहमीसारखं होऊन एक-दोन दिवस गेले की. लगेच एचबीए१सी करायला धावू नका, त्यात हे दहा दिवस मिसळलेले असतील. तीन महिन्यांनी करा. लशीचा पुढचा डोस बरे झाल्यावर काही महिन्यांनी विचारून घ्या. डोस घेतल्यावर एक-दोन दिवस शुगर थोडी चढली तर तेवढं चालतं.

तोवर एक काम. तुमचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या तपासणीचा, शेवटचा रिपोर्ट शोधून ठेवा. मेटफॉर्मिन चालू ठेवायचं की नाही आणि पॅक्सलोविडची पूर्ण मात्रा चालेल की कमी, दोन्ही त्यावर ठरतं. सहा महिन्यांहून जुना असेल तर उद्याच रक्त तपासायला द्या. पाच दिवसांची मुदत तुमच्यासाठी उद्या-परवाच संपते आहे.